वजनाचा रविवार

महिन्याचा पहिला रविवार वजनाचा. त्या दिवशी या घरात न्याहारीपासूनच पक्ष पडत. थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे घरादाराच्या वहिनीनं, नवऱ्यापुढे कोरा चहा ठेवला आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर सारला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माईंनी धाकट्याच्या ताटलीत तिसरं उकडलेलं अंडं ठेवलं. धाकटा नुकताच तापातून उठला होता. मुळातच काडीपैलवान, त्यात फ्लूनं त्याचं पार चिपाड केलं होतं.

"माई, माझ्या पोटात जागा नाही."

"पोटात जागा नाही म्हणूनच तर ताप शिरला," माई म्हणाल्या. "रिकाम्या घरातच पाहुणे फार येतात."

थोरला मात्र चहाला हात न लावता उठला आणि खाली कारखान्यात निघून गेला. वहिनीनं ते पाहिलं. वजनाच्या धास्तीनं उपाशी राहतोय, असं तिला वाटलं आणि तिला त्याची दया आली.

वर घर आणि खाली वजनकाट्यांचा कारखाना. आप्पांच्या वडिलांनी सुरू केलेला, आप्पांनी वाढवलेला, आता थोरला चालवत होता. दुकानदारांचे, गोदामांचे, टपाल कचेरीचे काटे इथे दुरुस्तीला येत आणि जाताना केसाइतकाही फरक दाखवत नसत. वजनाच्या रविवाराची चालही आप्पांच्या वडिलांचीच. त्यांच्या तरुणपणी तापाची मोठी साथ आली होती. ते स्वतः धिप्पाड गडी, आठ दिवस तापात फणफणले आणि उठून बसले. त्यांचा सडपातळ भाऊ गेला. तेव्हापासून या घरानं एक सिद्धांत गाठीला बांधला: अंगावर मांस असलं की रोगराई दारातून परत जाते. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांनी मालाच्या मोठ्या काट्यावर उभं राहायचं. ज्याचं वाढलं त्याच्या पाठीवर थाप, ज्याचं उतरलं त्याला साय. आकडे कोणी लिहून ठेवत नसे. ते माईंच्या डोक्यात पक्के असत आणि भांडणाच्या वेळी बिनचूक बाहेर पडत.

मधली डॉक्टर झाली तेव्हापासून हा सिद्धांत तिला डाचत होता. तरी ती दर वजनाच्या रविवारी सासरहून येई. वाद घालायचा तर हजर राहायला हवं, हे या घराण्याचं रक्त तिच्यातही होतं.

आजही ती आली, दवाखान्याची बॅग खांद्यावरून उतरवत म्हणाली, "झाली का सुरुवात कत्तलीला?"

"तुझीच वाट बघत होतो," आप्पा म्हणाले.

काट्याशी आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे पंच्याहत्तरीचे, उभट, वाळलेले गृहस्थ. काट्याच्या दांडीवरचं सरकतं वजन ते दोन बोटांनी असं हलवत, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरची माशी हाकलताहेत. मागच्या कपाटात मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं होती. पितळी, झळझळीत. त्यांना उघड्या हातानं शिवायची कोणाला मुभा नव्हती, कारण बोटांचा घामही वजन बदलतो. थोरल्यानं लहानपणी एकदा त्यातलं एक वजन खेळायला घेतलं, तेव्हा आप्पांनी आयुष्यात एकदाच त्याच्यावर हात उगारला होता.

हलक्यापासून जडापर्यंत, असा क्रम असे. आप्पा, मग माई आणि वहिनी, मग मधली, मग धाकटा. धाकटा काट्याच्या पाटावर चढला तेव्हा माईंनी डोळे मिटून घेतले.

"अठ्ठावन्न," आप्पांनी वाचलं.

"अरे देवा, चार किलो उतरलं," माई म्हणाल्या. "आणि हा म्हणे आता बरा आहे."

"बरा आहेच," मधली म्हणाली. "वेळेवर लस घेतली होती त्यानं, चार दिवसांत उठून बसला. आणि माई, तो बारीक आहे म्हणून त्याला ताप आला नाही. गर्दीत फिरला म्हणून आला. पकडताना हा विषाणू कोणालाही पकडतो गं. सोडताना काही जणांना जास्त छळतो, एवढंच."

"कोणाला?"

"फार अशक्त असलेल्यांना. म्हाताऱ्यांना." थोरल्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "आणि ज्यांचं वजन फार जास्त आहे त्यांना."

माईंनी हे वाक्य मागेही ऐकलं होतं आणि मागेही त्यांना ते पटलं नव्हतं. "तुझे आजोबा वाचले ते कशानं मग? हवेनं?"

"ते खाऊन पिऊन होते आणि त्यांचा भाऊ आधीपासून उपाशी आणि आजारी होता म्हणून. उपासमारही वाईटच. दोन्ही टोकं वाईट."

"म्हणजे मधल्यांचंच बरं," धाकटा बहिणीकडे बघत म्हणाला. "हिनं स्वतःसाठीच शास्त्र काढलंय."

वहिनी हसली. माई सोडून सगळे हसले. माईंना खात्री होती, की आता थोरला पाटावर चढेल आणि या सगळ्यांची तोंडं बंद होतील. थोरला शेवटी चढे. तो मान त्याचा. भरदार, उंच नव्हे पण रुंद, दारातून आला की खोली भरल्यासारखी वाटावी असा. साथ आली की सगळ्यांच्या उशापायथ्याशी तोच बसे, सूप भरवी, कपाळावर पट्ट्या ठेवी आणि स्वतः टुणटुणीत. धाकट्याची सेवाही त्यानंच केली होती. माईंच्या सिद्धांताचा तो चालता बोलता पुरावा होता.

"चल रे," माई म्हणाल्या. "दाखव यांना."

थोरला कोपऱ्यात खोक्यावर बसला होता. हातात कुठल्याशा गोदामाच्या काट्याची सुरी होती, दांडी जिच्यावर तोलते ती पोलादी धार. ती तो केव्हापासून घासत होता. "आज नको," तो म्हणाला. "उद्या हा काटा द्यायचाय. काम तुंबलंय."

"काट्यावर उभं राहायला किती वेळ लागतो?"

"माई, नको म्हटलं ना."

त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. मग तो खोकला. त्यानं खोकला दाबायचा प्रयत्न केला आणि दाबलेला खोकला जसा दुप्पट जोरानं येतो तसा आला. वहिनी त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या मानेला हात लावला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तर तव्यासारखे तापलाय."

माई दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. सिद्धांतांचं एक असतं, ते मोडतात तेव्हा आधी मनातलं काही मोडतं आणि मग अक्कल येते.

मधलीनं बॅग उघडली. "कधीपासून?"

"काल दुपारपासून," थोरला म्हणाला. "साधा ताप आहे. जाईल."

"काल दुपारपासून, आणि मला फोन नाही?"

"तुला फोन केला की पहिलं काय विचारतेस ते ठाऊक आहे मला."

मधलीनं मास्क चढवला, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, खिडक्या उघडायला लावल्या, त्याच्या बोटाला छोटं यंत्र लावलं. श्वास मोजला. मग ती कपाटाशी जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा डॉक्टरचा होता, बहिणीचा नव्हता.

"फुफ्फुसं अजून ठीक आहेत. पण फ्लूवरचं औषध आजच सुरू व्हायला हवं. उशीर झाला की त्याचा उपयोग कमी होतो. साठा थोडा आहे, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांनाच देताहेत. त्यासाठी कारण सांगावं लागतं. दादा, मला तुझं वजन हवं."

"बघा," थोरला म्हणाला. "आलंच."

"नियम आहे तो."

"गेल्या वर्षी माझा कान ठणकत होता, तुझ्या दवाखान्यात आलो होतो. आत आल्या आल्या काय म्हणालीस? आधी काट्यावर उभा राहा. मग वजनावर भाषण. मग साखरेवर भाषण. कान तू शेवटी बघितलास." त्याला दम लागला. "जन्म काट्यांत गेला माझा. जिथे जातो तिथे काटाच. लस टोचून घ्यायला नाही आलो तो त्यामुळेच."

मधलीला तो दिवस आठवला. बाहेर रांग होती, घाई होती आणि भाऊ आहे म्हणून तिनं जरा जास्तच खडसावलं होतं. तिला वाटायचं, आपण त्याच्या भल्याचं बोललो. तो परत का आला नाही हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आता ते विचारताना तिला लाज वाटली.

"आत्ता तरी उभा राहा रे," धाकटा म्हणाला.

"नाही."

"मी सांगते," वहिनी म्हणाली. "गेल्या महिन्यात एकशे वीस होतं. आप्पांनी वाचलेलं."

"त्यात थोडं धरून सांगा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पण ज्याला ताप असतो त्याचं माणूस फार वेळ मूग गिळून बसू शकत नाही. "खरं तर एकशे वीस नसेल," ती म्हणाली. "जास्त असेल. वजनाच्या आदल्या संध्याकाळी मी खाली येते आणि दांडीवरचा समतोलाचा स्क्रू थोडा फिरवते. दोनेक किलो कमी दिसावं म्हणून. यांना वाईट वाटतं ना."

माईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तू? माझ्या लेकाला महिन्याच्या महिन्याला हलकं दाखवत होतीस?"

"माई, ते हलके दिसले की दोन घास सुखानं खायचे."

"आणि मी इकडे डोक्यात आकडे भरतेय. चोर ते चोर." माई काट्याशी गेल्या, गुडघ्याला हात देत खाली वाकल्या, पाटाखालच्या खाचेत हात घातला आणि एक काळा लोखंडी ठोकळा बाहेर ओढला. तो त्यांनी टेबलावर आपटला. "मग हे घ्या. हा माझा. दोन किलोचं जुनं वजन. दर महिन्याला मी आत सरकवते, धाकटा थोडा तरी भरलेला दिसावा म्हणून."

"म्हणजे मी अठ्ठावन्नसुद्धा नाही?" धाकटा म्हणाला.

"आहेस रे बाळा," वहिनी म्हणाली. "माझे दोन वजा, माईंचे दोन अधिक."

सासू आणि सून एकमेकींकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळलं होतं की त्या एकाच संध्याकाळी, थोड्या थोड्या अंतरानं, त्याच जिन्यावरून चोरपावलांनी उतरत होत्या. माईंना राग यायला हवा होता, पण तो येईना. उलट त्यांना सुनेबद्दल, मान्य करायचं नव्हतं तरी, आपुलकी वाटली.

"काट्याचं घर," धाकटा म्हणाला, "आणि दिव्याखाली अंधार."

"आप्पांना माहीत नाही," वहिनी घाईनं म्हणाली. "आप्पांना दुखवू नका."

सगळे आप्पांकडे वळले. ते दांडीवरचं सरकतं वजन पुसत होते.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले. "दर सोमवारी सकाळी मी खाली येतो, हा ठोकळा असला तर काढून ठेवतो, स्क्रू जागेवर आणतो. प्रमाण वजन ठेवून खात्री करतो. पहिल्यांदा वाटलं उंदीर असतील. मग म्हटलं, उंदीर स्क्रू फिरवत नाहीत."

"आणि बोलला नाहीत?" माई म्हणाल्या.

"काय बोलायचं? दोघीजणी मायेपोटी काटा वाकवताय, तेवढं मला कळत होतं. वाकलेला काटा सरळ करणं माझं काम. कोणी वाकवला ते विचारणं नाही."

मधलीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे या घरात, जिथं दुनियेचे काटे दुरुस्त होतात, तिथं माझ्या भावाचं खरं वजन कोणालाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," थोरला म्हणाला.

तो खोक्यावरून उठायला लागला, वहिनीनं त्याला धरलं. त्यानं हातातली सुरी नीट टेबलावर ठेवली, धार वर येणार नाही अशी. तापानं त्याचे डोळे लाल झाले होते. "सोमवारी आप्पा काटा सरळ करतात आणि हात धुवायला मागच्या नळावर जातात. एवढे हात तर सर्जनही धूत नसेल. ते परत येईपर्यंत मी चढतो, बघतो आणि उतरतो. दर सोमवारी."

आप्पा पुसून झालेलं वजन पुन्हा पुसायला लागले.

"एकशे एकवीस किलो चारशे ग्रॅम," थोरला म्हणाला. "गेल्या सोमवारचं. लिही."

मधलीला रडू फुटेल असं वाटलं. तिनं ते डोळ्यांत तसंच थोपवलं आणि आकडा फोनवर सांगितला. कारण सांगितलं. औषध मंजूर झालं. मग तिनं फोन ठेवला आणि पुढच्या वाक्याची सगळे वाट बघत राहिले. आता वजनावरचं भाषण येणार, आणि थोरला पुन्हा मिटून घेणार.

मधलीनं बॅगेतून कान तपासायची छोटी बॅटरी काढली. "बस खाली," ती म्हणाली. "आधी कान दाखव."

"कान आता दुखत नाही."

"गेल्या वर्षीचा राहिलाय."

थोरला बसला. हसायला गेला आणि त्याला खोकला आला, पण तो हसलाच. मधलीनं दोन्ही कान नीट बघितले, मग घसा, मग पाठीला नळी लावून छाती पुन्हा एकदा. वजनाचा शब्द तिनं काढला नाही. ते बोलणं व्हायचं होतं, तीही ते टाळणार नव्हती, पण ते त्याचा ताप उतरल्यावर, त्यानं विचारलं की. धाकटा औषध आणायला पळाला.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. दुसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरायचं नाव घेईना आणि श्वास जड झाला. मधली दवाखान्याची गाडी दाराशी आणूनच ठेवायला सांगून तिथंच मुक्कामाला राहिली. माई देवापाशी काही मागत नव्हत्या, फक्त जिन्यात बसून होत्या. लेकाचा देह म्हणजे ढाल, असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. आता त्यांना ती ढाल नको होती, लेक हवा होता. "त्याला नुसतं बरं होऊ दे," त्या वहिनीला म्हणाल्या, "मग बारीक होऊ दे नाहीतर जाड, मी तोंड उघडणार नाही." वहिनीनं त्यांचा हात धरला. हे वचन टिकणार नाही हे दोघींनाही माहीत होतं, तरी ते ऐकून दोघींना बरं वाटलं. चौथ्या दिवशी पहाटे थोरल्याला दरदरून घाम आला, आणि त्यानं खायला मागितलं. मधलीनं गाडी परत पाठवली.

त्या गडबडीत सोमवारचं काम राहून गेलं होतं. पुढच्या सोमवारी आप्पा नेहमीच्या वेळी खाली आले. ठोकळा टेबलावर तसाच पडला होता. त्यांनी स्क्रू जागेवर आणला, हातमोजा घालून मखमलीच्या पेटीतून प्रमाण वजन काढलं, पाटावर ठेवून पाहिलं. काटा सरळ होता. जिन्यावर संथ, जड पावलं वाजली. थोरला आला, भिंतीला हात लावत, चेहरा उतरलेला. आप्पांनी हातमोजा काढला आणि मागच्या नळाकडे निघाले.

"आप्पा, थांबा," थोरला म्हणाला. "तुम्हीच वाचा. मला वाकलं की गरगरतं."

आप्पा थांबले. परत आले. थोरला पाटावर चढला आणि आप्पांनी दोन बोटांनी दांडीवरचं वजन सरकवलं. कितीतरी वर्षांनी सोमवारी त्या दोघांत हा काटा होता आणि मधे नळ नव्हता.

"एकशे सतरा चारशे," आप्पा म्हणाले. "बरोबर चार किलो कमी."

"मधलीला कळवतो. म्हणाली होती, ताकद येऊ दे, मग दोघं मिळून ठरवू. आधी माझं ऐकून घेणार आहे म्हणे." तो पाटावरून उतरला नाही. "आप्पा, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं? मी चढतो ते?"

"पाट कुरकुरतो," आप्पा म्हणाले. "नळापर्यंत ऐकू येतं."

तेवढ्यात वरून माईंचा आवाज आला. मागोमाग जिन्यावर त्यांची पावलं. "अहो, त्याला काट्यावर उभा करा. बघू दे मला किती वाळला लेक माझा. जराही उतरला असेल ना, तर आजपासून पुन्हा साय सुरू."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पांनी टेबलावरचा काळा ठोकळा उचलला आणि पाटाखालच्या खाचेत सरकवला. दोन किलोनं भागणार नव्हतं. ते क्षणभर घुटमळले. मग वळले, मखमलीच्या पेटीतून दोन किलोचं पितळी प्रमाण वजन उघड्या हातानं काढलं आणि ठोकळ्याच्या शेजारी ठेवलं.

"हलू नकोस," ते थोरल्याला म्हणाले. "तुझी आई येतेय."